माती, पाणी आणि गवा: कोल्हापूर जिल्ह्यात सरकारी माहिती आणि मदत पदरात कशी पाडायची

माती तपासायला कृषी खातं, विहिरीची जागा दाखवायला भूजल सर्वेक्षण, नदीतून पाणी उचलायला जलसंपदा, झाड तोडायला आणि गव्याने तुडवलेल्या उसाची भरपाई मागायला वनविभाग. रान चार एकरांचं असलं तरी पायऱ्या चार कार्यालयांच्या चढाव्या लागतात. यातली बरीच माहिती फुकट किंवा किरकोळ शुल्कात मिळते. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर कागदावरचं रान आणि डोळ्यांसमोरचं रान जुळत नाही, नाहीतर काम उरकून मग मंजुरी मागितली जाते. म्हणून इथे योजनांच्या नावांपेक्षा कामाच्या क्रमावर जास्त लिहिलं आहे.

आधी सातबारा नीट वाचा

डिजिटल सहीचा ७/१२ महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. काढून फाईलला लावून टाकू नका, वाचा. आधारवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव एकच आहे का? विहीर किंवा बोअर असेल तर पिकांच्या नोंदीत सिंचनाचं साधन म्हणून ती दिसते का? ठिबकचा अर्ज इथेच लटकतो. रानात विहीर असते, मोटर चालू असते, पण उतारा कोरडवाहू सांगतो. सामाईक खातं असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र अर्जाच्या आधी तयार ठेवा. मुंबईला असलेल्या चुलत भावाची सही मिळेपर्यंत हंगाम निघून जातो.

दुसरं, ई-पीक पाहणी, म्हणजे रानातलं पीक मोबाइल ॲपवरून स्वतः नोंदवणं. राज्यभर ती २०२१ पासून सुरू आहे. ॲपमध्ये फोटो गटात उभं राहूनच काढा, कारण ठिकाणही नोंदवलं जातं. नोंद चुकली तर ४८ तासांत स्वतःला दुरुस्त करता येते. पुराची किंवा अतिवृष्टीची मदत मागताना पहिला प्रश्न हाच येतो की पीक पेऱ्याला काय लागलंय. सोयाबीन काढून ऊस लावला आणि नोंद सोयाबीनचीच राहिली, असली प्रकरणं दरवर्षी निघतात.

तिसरं, शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. क्रमांक मिळाला म्हणजे काम संपलं असं धरू नका. तुमचे सगळे गट त्याला जोडले गेलेत का ते तपासा. दुसऱ्या गावच्या शिवारातला तुकडा हमखास सुटतो.

एक गोष्ट माहीत असू द्या. तलाठ्याच्या पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’, ग्रामसेवकाच्या पाटीवर ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि कृषी सहाय्यकाच्या पाटीवर ‘सहायक कृषी अधिकारी’ असं लिहिलेलं असतं. बोलताना जुनं नाव चालतं, अर्जात नवं लिहा.

मातीचा नमुना: अहवाल इथेच खरा किंवा खोटा ठरतो

कृषी विभागाची मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. नमुना तिथे थेट देता येतो किंवा गावच्या कृषी सहाय्यकाकडे. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासून येतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगेनीज आणि बोरॉन. पत्रिका चौकोनवार (ग्रिड) नमुन्यांची असेल तर तो नमुना तुमच्याच रानातला असेल असं नाही. बागायतीत साधारण अडीच हेक्टरांच्या चौकोनाला एक नमुना घेतात. खत ठरवण्यासाठी स्वतःच्या रानाचा नमुना वेगळा द्या.

वेळ म्हणाल तर खोडवा ऊस तुटल्यावर, नांगरट आणि खत पडण्याआधी. रासायनिक खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबा. पाणी दिलेल्या ओल्या रानातून नमुना घेऊ नका.

एका गटाचा एकच नमुना हा हिशोब चुकीचा आहे. खाली नदीकाठची मळी आणि वर मुरमाड माळ एकाच गटात असेल तर दोन पिशव्या. रंग, उतार, खोली किंवा पिकाचं उत्पन्न यांपैकी काहीही वेगळं असेल तर नमुना वेगळा. बांधाची कड, झाडाखालची जागा, उकिरड्याची आणि पाचट जाळल्याची जागा, गुरं बांधायची जागा सोडून द्या.

नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणं निवडा. वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करा, माती खरवडू नका. इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्या. भात, सोयाबीन, भुईमुगासाठी २० ते २२ सेंटिमीटर, ऊस-केळीसाठी ३० सेंटिमीटर. फळबाग लावायची असेल तर ३०-३० सेंटिमीटरचे थर ९० सेंटिमीटरपर्यंत वेगवेगळे ठेवावे लागतात. खड्ड्यातली माती टाकून द्या आणि त्याच्या एका बाजूची इंचभर जाडीची खपली वरपासून तळापर्यंत कापून घ्या. खपली एकसारखी यायला हवी. वर जाड आणि खाली निमुळती झाली तर अहवालात वरच्या थराचीच माती बोलते. लोह-जस्त तपासायचं असेल तर ही शेवटची खपली बांबूच्या कामटीने काढा आणि प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या. गंजलेलं खुरपं आणि लोखंडी पाटी लोहाचा आकडा वाढवून ठेवतात.

सगळी माती कागदावर किंवा स्वच्छ कापडावर पसरून ढेकळं फोडा, खडे-मुळं वेचा, नीट मिसळा. चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. ओलसर माती सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीपाशी नको.

पिशवी कापडाची आणि धुतलेली हवी. युरियाच्या किंवा १०:२६:२६ च्या रिकाम्या पोत्याच्या तुकड्यात बांधून आणलेला नमुना तपासण्यात अर्थ नाही, त्यातलं खतच मोजलं जातं. चिठ्ठ्या दोन करा, एक आत आणि एक बाहेर. पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, मागचं पीक, पुढचं पीक आणि पाणी नदीचं, विहिरीचं की बोअरचं हे त्यावर असू द्या. ‘पुढचं पीक’ रिकामं सोडलं तर खताची शिफारस मोघम येते.

अहवाल आल्यावर आधी तीन आकडे बघा. सामू ६.५ ते ७.५ असेल तर ठीक. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगडच्या पावसाळी पट्ट्यातल्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत तो खाली येतो, तिथे चुन्याचा विचार प्रयोगशाळेच्या सल्ल्याने करावा. क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नको. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर रासायनिक खताचा डोस वाढवून उसाचा उतारा वाढत नाही, हे लिहून ठेवा. लोह ४.५ आणि जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी आलं तर कमतरता धरायची. उसासाठी हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट आणि २० किलो झिंक सल्फेट ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. हे खत तसंच फेकू नका. दहापट शेणखतात मिसळून ५-६ दिवस मुरवा आणि सरीत द्या. चुनखडीच्या रानात नुसतं फेरस सल्फेट पडलं की लोह मातीतच अडकून बसतं आणि उसाचा केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, तसाच राहतो.

चिबड रान: जिप्समच्या आधी निदान

शिरोळ आणि हातकणंगल्याच्या काळ्या रानात क्षार वर आले की पहिला सल्ला मिळतो, जिप्सम टाक. अर्ध्या वेळा हे पैसे पाण्यात जातात.

जमीन दोन तऱ्हेने बिघडते. क्षारयुक्त रानात क्षारता ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या आत असतो, वर पांढरा पापुद्रा दिसतो, माती भुसभुशीत लागते. इथे जिप्सम काही करत नाही, क्षार पाण्यात विरघळवून निचऱ्यावाटे बाहेर काढावे लागतात. चोपण रानात सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असतं. ओली असताना माती चिकट, वाळल्यावर दगड, आणि पाणी मुरता मुरत नाही. जिप्समची गरज इथे असते. किती टाकायचं हे प्रयोगशाळा ‘जिप्समची गरज’ म्हणून काढून देते, ती तपासणी वेगळी मागावी लागते. दोन्ही दोष एकत्र असले तरी आधी निचरा, मग जिप्सम.

माती देताना विहिरीचं पाणीही द्या. मोटर १०-१५ मिनिटं चालवून मगच बाटली भरा. स्वच्छ प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवा. पाण्याची क्षारता २.२५ च्या वर असेल तर सुधारलेलं रान त्याच पाण्याने परत बिघडेल.

जमिनीखालच्या सच्छिद्र पाईपचा निचरा एकट्याने करायचं काम नाही. पाईप साधारण तीन-चार फूट खोल, उतार धरून जातो आणि त्याचं पाणी मुख्य चरातून ओढ्याला सोडावं लागतं. ओढा गाळाने वर आला असेल किंवा खालचा शेजारी चर जाऊ देत नसेल तर पाईप रानातच भरून बसतो. म्हणून सलग रानं असलेल्यांनी एकत्र या, बाहेर पडायच्या वाटेची संमती लेखी घ्या, आणि मग कृषी विभागाकडे किंवा कारखान्याच्या ऊस विकास विभागाकडे प्रस्ताव न्या.

विहीर, बोअर आणि भूजल विभाग

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते. तिच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. विहीर काढायच्या आधी आपल्या पाणलोटातल्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागून घ्या. पावसाळ्यानंतरची पातळी आणि मे महिन्याची पातळी यांत किती फरक पडतो, यावरून विहीर उन्हाळ्यात तग धरेल का ते कळतं.

जागा दाखवण्यासाठी वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. सोबत ७/१२, गटाचा नकाशा आणि ठरलेलं शुल्क. विद्युत रोधकता चाचणीला जमिनीत एका रेषेत इलेक्ट्रोड ठोकावे लागतात, त्यासाठी लांबलचक मोकळी जागा लागते. उभ्या उसात ती होत नाही. ऊस तुटल्यावर, मार्च ते मे या काळात बोलवा. भर पावसाळ्यात सगळीच जागा पाण्याची दिसते.

जिल्ह्याचा खडक मुख्यतः बसाल्ट, पश्चिमेच्या उंच पठारांवर जांभा. जांभ्याची विहीर जुलैत तुडुंब भरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तळ दाखवते, कारण ती धरून ठेवत नाही. बसाल्टमध्ये पाणी झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. त्याखाली अखंड काळा पाषाण लागला की अजून शंभर फूट मारल्याने पाणी लागेलच असं नाही. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून बोअरची गाडी बोलावणारे अजून आहेत. श्रद्धा ज्याची त्याची, पण गाडीवाला फुटावर पैसे घेतो, पाण्यावर नाही.

रोजगार हमीतून सिंचन विहीर घ्यायची असेल तर ४ नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातल्या अटी बघा. किमान ०.४० हेक्टर सलग क्षेत्र, उताऱ्यावर आधीची विहीर नसावी, जॉब कार्ड हवं आणि गावच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटर अंतर. दोन विहिरींमधल्या १५० मीटरच्या अटीत काही घटकांना सूट आहे. ५०० मीटर सरळ रेषेत मोजतात, पाणंदीच्या वळणाने नाही. खोदाई अंतर मोजल्यावर सुरू करा.

नदीतून पाणी उचलत असाल तर उपशाचा परवाना आणि हंगामाची पाणी मागणी, म्हणजे नमुना क्रमांक ७, जलसंपदाच्या शाखा कार्यालयात वेळेत द्या. उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की परवाना नसलेल्याची मोटर आधी काढली जाते.

ठिबकचं अनुदान

अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक २५ टक्के, एकूण ८०. इतरांना ४५ आणि ३०, एकूण ७५. मर्यादा ५ हेक्टर. हे टक्के दुकानदाराच्या बिलावर लागत नाहीत, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर लागतात. मापदंड दोन लॅटरलमधल्या, म्हणजे सरीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्यांमधल्या, अंतरावर बदलतो. त्यामुळे आराखडा काढतानाच चार फुटी सरी का पाच फुटी ते पक्कं करा. ‘ऐंशी टक्के परत मिळणार’ असं दुकानात ऐकून केलेला हिशोब इथेच फसतो.

क्रम असा: महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, निवड, कागद अपलोड, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, जागेवर तपासणी, खात्यात पैसे. पूर्वसंमतीपत्राच्या तारखेआधीचं बिल असेल तर अनुदान गेलं, कुणाचीही ओळख चालत नाही. पूर्वसंमतीत लिहिलेली मुदतही पाळा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन बँकांत खाती असतील तर आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधी विचारा. ज्या गटावर आधी अनुदान घेतलंय तिथे सात वर्षं झाल्याशिवाय पुन्हा मिळत नाही, मग मधल्या काळात वाटणी झाली असली तरी.

तपासणीला येतील तेव्हा संच जोडलेला आणि चालू हवा. लॅटरलची बंडलं गोठ्यात ठेवून फोटो काढलेला चालत नाही.

गवा, हत्ती, रानडुक्कर

राधानगरी अभयारण्याच्या भोवती गवा, चंदगड-आजऱ्याकडे हत्ती, आणि रानडुक्कर सगळीकडेच. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज पोचला पाहिजे. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक कळवण्यासाठी आहे, पण फोन म्हणजे अर्ज नव्हे. पंचनामा वन, महसूल किंवा ग्रामपंचायत आणि कृषी अशा तिघांनी मिळून करायचा असतो. तिघांना एका दिवशी रानात आणणं हे खरं काम, ते अर्जदारालाच पाठपुरावा करून जमवावं लागतं.

तोवर रान आहे तसं ठेवा. मोडलेला ऊस वेचू नका, टोळीला फड तोडू देऊ नका. बांधावरून सगळं रान दिसेल असा एक फोटो, मोडलेल्या सरींचा जवळून एक, आणि पावलाच्या ठशाशेजारी खुरपं ठेवून एक. खुरप्यामुळे ठशाचं माप कळतं, आणि गाव-जनावर का गवा हा वाद मिटतो. शेण किंवा लीद असेल तर तिचाही काढा. किती गुंठ्यांतलं पीक गेलं ते स्वतः मोजून ठेवा, पंचनाम्यात ‘अंदाजे थोडे नुकसान’ असं लिहू देऊ नका आणि वाचल्याशिवाय सही करू नका. वनजमिनीवरच्या अतिक्रमणात पीक असेल तर भरपाई नाही.

बिबट्याने वासरू किंवा शेळी मारली तर मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. ४८ तासांत कळवा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या. पुरून टाकलं की दाव्याला पुरावा उरत नाही.

कुंपणात थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मेलेली आहेत. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. ते लावलंत तर तारेखालचं गवत कापत राहा. ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि रानडुक्कर निवांत आत येतं.

झाड तोडायचं आणि लावायचं

स्वतःच्या बांधावरचं असलं तरी आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, सागवान, ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली येतात. परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून. व्यापारी ‘परवाना मी बघतो’ म्हणाला तरी कागद आपल्या हातात येईपर्यंत करवत लावू देऊ नका.

फळबागेसाठी रोजगार हमीत बसत नसाल तर भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. आपल्याकडे ०.२० ते ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्क्यांनी मिळतं. पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत हवीत. मेलेली रोपं तपासणीआधी बदलून घ्या.

पाऊस आणि पूर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. करवीर-पन्हाळ्याच्या लोकांनी हे दोन आकडे बघितले तरी भागतं. शिरोळकरांनी त्याबरोबर कोयना-वारणेचा विसर्ग आणि अलमट्टीची पातळी बघायची, कारण नृसिंहवाडीला कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढे सरकायला वाट राहत नाही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर लागतो. नदीकाठी घर, पोल्ट्री किंवा मोटर-घर बांधायच्या आधी जलसंपदाकडून पूररेषा तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची.

अतिवृष्टी धरली जाते ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर. मंडळवार आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर रोज येतात, त्या दिवशीचं पान जपून ठेवा. मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं.

पोच

कुठलाही अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसता शिक्का आणि सही असेल तर अर्ज कधी दिला याचा वाद राहतो. सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर कार्यालयाच्या फलकावर तिचे दिवस आणि अपिलीय अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असतं. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला की ३० दिवसांत पहिलं अपील. नाकारल्याचं कारण लेखी मागा. ‘साहेब नाहीत’ किंवा ‘साईट बंद आहे’ हे अपिलात मांडता येत नाही. अधिसूचित सेवा नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारा: अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि आपल्या अर्जाचा ज्येष्ठता यादीतला क्रमांक किती. ‘माझं काम का झालं नाही’ असं विचाराल तर ‘ही माहिती अभिलेखात नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल.